‘व्यापार’चा नवा डबा घेताय? आधी तपासा नोटा, फासे, बॅटरी आणि बिल

*जुन्या खेळांच्या ‘नव्या रूपातल्या’ आवृत्त्या मोबाइलवर एका क्लिकवर मिळतात. पण नव्या डब्यात नेमकं काय बदललेलं असतं? कमी झालेल्या जीएसटीचा फायदा मिळतो का? आयएसआय खूण कशी तपासायची? समजून घेऊया.*

कामरगावला आमच्या घरी लोखंडी कपाटावर एक चपटा डबा वीसेक वर्षांपासून पडून आहे. झाकणाचे कोपरे चिकटपट्टीने जोडलेले. आत ‘व्यापार’चा पट, मधल्या घडीवर फाटलेला. शंभराच्या नोटा कमी पडल्या तेव्हा वहीच्या कागदाच्या केल्या होत्या, त्या अजून आहेत. एका हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचे आजोळी आले. त्यांनी तो पट उघडला आणि लगेच फर्मान निघालं, “मामा, नवा घे ना.” कारंजा तालुक्यातलं आमचं गाव. लुडो, सापशिडीचा साधा पट जवळपास मिळून जातो. मोठा डबा हवा असेल तर कारंजा, नाही तर अमरावती, आणि आता मोबाइल. मी मोबाइल काढला, सगळ्यात चकचकीत फोटो असलेली नवी आवृत्ती निवडली आणि पैसे भरले.

डबा आला. आत नोटाच नव्हत्या. नोटांच्या जागी एक छोटं मशीन आणि बँकेच्या कार्डासारखी कार्डं होती. मशीनला लागणाऱ्या बॅटऱ्या डब्यात नव्हत्या. नियमांची पुस्तिका इंग्रजीत, तीही बारीक अक्षरांत. आणि सगळ्यात मोठी अडचण वेगळीच निघाली. आमच्या घरी या खेळात बँक कायम आईकडे असते. नोटा मोजणं, सुटे देणं, कोणी घरभाडं बुडवत असेल तर त्याला पकडणं, हे तिचं काम. ती मशीनकडे बघून म्हणाली, “हे मशीनच सारं करते, त मी काय करू?”

चूक माझीच होती. मी फोटो पाहिला, खाली लिहिलेलं वाचलं नाही. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हा लेख. थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक नवी आवृत्ती काहीतरी देते आणि काहीतरी काढून घेते. दिलेलं डब्यावर मोठ्या अक्षरांत असतं. काढलेलं आपल्याला शोधावं लागतं.

‘व्यापार’ आला कुठून?

आपण ज्याला ‘व्यापार’ किंवा ‘बिझनेस’ म्हणतो, तो ‘मोनोपॉली’ या अमेरिकन खेळाचा देशी अवतार. तिकडच्या अटलांटिक सिटीच्या रस्त्यांच्या जागी आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता आली. कोपऱ्यांवर जेलसोबत क्लब आणि रेस्ट हाऊस आले.

पण मोनोपॉलीसुद्धा मूळ खेळ नाही. तीही एक ‘नवी आवृत्ती’च आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या महिलेने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ म्हणजे ‘जमीनदाराचा खेळ’ या नावाने पेटंट मिळवलं. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचं म्हणणं लोकांना खेळातून पटवून द्यावं, हा तिचा हेतू होता. जमीन मूठभरांच्या हातात गेली की भाडं भरणारे कसे कंगाल होत जातात, हे तिला दाखवायचं होतं.

मॅगीच्या खेळाला पुढे नियमांचे दोन संच होते. एका संचात एकाने सगळ्यांना कंगाल करून जिंकायचं. दुसऱ्यात संपत्ती वाढली की तिचा लाभ सगळ्यांना मिळायचा. दोन्ही खेळून बघा आणि कुठली व्यवस्था बरी ते तुम्हीच ठरवा, असा तो प्रकार.

हा खेळ हाताने काढलेल्या पटांवरून घरोघरी पसरला. १९३५ मध्ये ‘पार्कर ब्रदर्स’ कंपनीने चार्ल्स डॅरो यांच्याकडून त्याचं एक रूप विकत घेतलं आणि ते ‘मोनोपॉली’ म्हणून बाजारात आणलं. मॅगी यांचं पेटंटही कंपनीने घेतलं, अवघ्या ५०० डॉलरना. पुढे कित्येक वर्षं खेळाचा जनक म्हणून डॅरो यांचंच नाव सांगितलं जात होतं. १९७० च्या दशकात राल्फ अँस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा ‘अँटी-मोनोपॉली’ या खेळाच्या नावावरून कंपनीशी कोर्टात वाद झाला. त्या खटल्याची तयारी करताना मॅगी यांची गोष्ट पुन्हा उजेडात आली.

म्हणजे या खेळाच्या पहिल्याच मोठ्या ‘रीडिझाइन’मध्ये नियमांचा अख्खा एक संच गळाला. उरला तो फक्त समोरच्याला कंगाल करण्याचा. आपल्या घरात आलेला ‘व्यापार’ त्याच वाटेने आलेला आहे.

आपल्या मोक्षपटाचंही तेच झालं

सापशिडीचं उदाहरण तर घरचंच आहे. आपल्याकडे हा खेळ मोक्षपट म्हणून ओळखला जायचा. मराठी परंपरेत त्याचं नाव संत ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं. पुण्यातील हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपट प्रकाशात आणले. डेन्मार्कचे संशोधक जेकब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात या खेळाच्या पश्चिम भारतातील परंपरेवर प्रबंध लिहिला.

मोक्षपटात घरांना नुसते आकडे नव्हते, अर्थ होता. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे काम, क्रोध, लोभ यांसारखे विकार आणि शेवट मोक्षात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला, तेव्हा त्यात तिकडची नीतिमूल्यं आली. पुढे तीही गेली. उरले १ ते १०० आकडे, साप आणि शिड्या.

लुडोचंही तसंच. मूळ पचिसी, कापडी पटावर कवड्या टाकून खेळायची. कवड्यांचं सर्वांत मोठं दान पंचवीसचं, त्यावरूनच नाव पडलं. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘लुडो’चं पेटंट घेतलं गेलं. त्यात कवड्यांच्या जागी घनाकार फासा आला, पट सोपा झाला. तोच लुडो परत आपल्याकडे आला आणि आज आपण तो मोबाइलवर खेळतो.

तेव्हा ‘जुनं तेच खरं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. जो लुडो आपल्याला जुना वाटतो, तो पचिसीची सोपी केलेली आवृत्ती आहे. खेळ बदलतातच. प्रश्न एवढाच की, आपल्या घराला कोणता बदल हवा आहे?

नव्या आवृत्तीत नेमकं काय बदलतं?

बाजारातल्या नव्या आवृत्त्यांचे साधारण चार प्रकार पडतात. पैसे देण्याआधी तुमचा डबा यातल्या कुठल्या प्रकारातला आहे, ते ठरवा.

१) फक्त रूप बदललेलं. पट, चित्रं, सोंगट्या नव्या, नियम तेच. २०१३ मध्ये मोनोपॉलीतली इस्त्रीची सोंगटी गेली आणि मांजर आलं. २०१७ मध्ये बूट, ढकलगाडी आणि अंगुस्तान यांच्या जागी डायनासोर, रबरी बदक आणि पेंग्विन आले. वेगवेगळी शहरं, सिनेमे, मालिका यांच्या नावाने निघणाऱ्या बऱ्याच आवृत्त्या याच प्रकारातल्या. जुना खेळ येणाऱ्याला यात काही नवं शिकावं लागत नाही.

२) पैशाचा व्यवहार बदललेला. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये मोनोपॉलीची ‘इलेक्ट्रॉनिक बँकिंग’ आवृत्ती आली आणि नोटांच्या जागी कार्ड व मशीन आलं. २०१६ मध्ये ‘अल्टिमेट बँकिंग’ आली. २०१९ मध्ये बोलून व्यवहार करणारी ‘व्हॉइस बँकिंग’ आली. २०२५ मध्ये फोनवरच्या ॲपने बँक चालवणारी आवृत्तीही आली. खेळ वेगाने होतो, हिशेबात चूक होत नाही. पण हिशेब करायलाही मिळत नाही.

३) नियम बदललेले. ‘ज्युनियर’ आवृत्ती लहान मुलांसाठी असते. पट छोटा, नोटा कमी, फासा एकच. २०१८ ची ‘चीटर्स एडिशन’ तर पकडलं न जाता लबाडी करायला सांगते. नाव तेच असलं तरी हे वेगळे खेळ आहेत असं समजूनच घ्या.

४) खेळाचा हेतूच बदललेला. ‘स्क्रॅबल’ हे याचं ताजं उदाहरण. मॅटेल कंपनीने २०२४ मध्ये युरोपात दोन बाजूंचा पट आणला. एका बाजूला नेहमीचं स्क्रॅबल. दुसऱ्या बाजूला सगळ्यांनी मिळून, मदतीच्या पत्त्यांच्या आधाराने खेळायचं, एकमेकांविरुद्ध नाही. यावर बरीच टीका झाली. पण यात एक गोष्ट चांगली होती. जुना खेळ काढून न टाकता पटाच्या दुसऱ्या बाजूला तसाच ठेवला होता.

फासा एक की दोन? फरक मोठा आहे

डब्यावरच्या फोटोत आपण सोंगट्या पाहतो, फासे मोजत नाही. प्रत्यक्षात खेळाची चाल फाशांवर ठरते.

एक फासा टाकला तर १ ते ६ यातला प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने पडतो. दोन फासे टाकले तर एकूण ३६ जोड्या होतात. त्यातल्या ६ जोड्यांची बेरीज ७ येते, पण २ किंवा १२ यायला फक्त एकेकच जोडी आहे. त्यामुळे दोन फाशांच्या खेळात पटावरची काही घरं जास्त ‘चालतात’.

मोनोपॉलीच्या मूळ पटावर याचं एक छान उदाहरण आहे. खेळाडू वरचेवर जेलमध्ये जातात. जेलपासून ६, ८ आणि ९ घरांवर नारिंगी रंगाच्या तीन जागा आहेत. दोन फाशांची बेरीज ६, ८ किंवा ९ येण्याच्या जोड्या अनुक्रमे ५, ५ आणि ४. म्हणजे ३६ पैकी १४, जवळपास ३९ टक्के. म्हणून जाणकार खेळाडू सगळ्यात महाग जागांपेक्षा या नारिंगी जागांच्या मागे असतात.

फासा एक झाला की हा सगळा विचार संपतो आणि नशीब उरतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ते ठीक आहे. बारा वर्षांच्या मुलाला मात्र दोन फाशांचाच पट द्या.

‘लवकर संपणारी’ आवृत्ती घेण्याआधी हे करून बघा

‘व्यापार संपतच नाही’ ही जुनी तक्रार आहे. म्हणूनच ‘झटपट’ आवृत्त्या खपतात. पण खेळ लांबण्याचं एक मोठं कारण पटात नसून आपल्या घरगुती नियमांत असतं. मोनोपॉलीच्या मूळ नियमपुस्तिकेशी ताडून बघा.

- लिलाव: एखाद्या जागेवर पोहोचलेल्या खेळाडूने ती घेतली नाही, तर बँकेने लगेच तिचा लिलाव करायचा, असा नियम आहे. बहुतेक घरांत तो कोणी पाळत नाही. जागा तशीच पडून राहते आणि खेळ तासभर लांबतो.
- दंडाचा ढीग: दंडाचे पैसे पटाच्या मधोमध ठेवायचे आणि ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याला द्यायचे, हा नियम पुस्तिकेत नाही. दंड बँकेतच जायला हवा. नाही तर कंगाल होत आलेल्याला अचानक लॉटरी लागते.
- उधारी: खेळाडूंनी एकमेकांना कर्ज द्यायचं नसतं. पैसे लागले तर घरं बँकेला परत विकायची किंवा जागा बँकेकडे गहाण टाकायची. भावाला उधार देऊन त्याला खेळात ठेवणं प्रेमाचं असेल, पण नियमाचं नाही.
- घरांची मर्यादा: मूळ संचात ३२ घरं आणि १२ हॉटेलं असतात. घरं संपली की संपली. कागदाचे कपटे घरं म्हणून वापरले की ही चुरस जाते.

या चारही सवयी खेळातला पैसा वाढवतात किंवा खेळाडूंना उगाच तगवून ठेवतात. एक रविवार पुस्तिकेप्रमाणे खेळून बघा. कदाचित नव्या ‘झटपट’ डब्याची गरजच पडणार नाही.

‘व्यापार’च्या देशी पटांवर नियम थोडे वेगळे असतात. अनेक जुन्या पटांवर ‘चान्स’ आणि ‘कम्युनिटी चेस्ट’चे पत्तेच नव्हते, फाशांच्या बेरजेप्रमाणे काय होणार याची यादी पटावरच छापलेली असायची. त्यामुळे तुमच्या डब्यातला कागद जपून ठेवा. तो फाटत आला असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एकाच खेळाचे इतके डबे कसे?

‘व्यापार’, ‘बिझनेस’, ‘इंटरनॅशनल बिझनेस’ अशा नावांचे अनेक कंपन्यांचे डबे बाजारात असतात. मग नक्कल कोणती आणि खरा कोणता?

कायदा इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. खेळाची कल्पना आणि खेळण्याची पद्धत यांवर कॉपीराइट मिळत नाही. मात्र खेळाचं नाव ट्रेडमार्क असू शकतं आणि चित्रांवर, पुस्तिकेच्या मजकुरावर हक्क असू शकतो.

भारतात याचं गाजलेलं प्रकरण ‘स्क्रॅब्युलस’चं. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी स्क्रॅबलसारखा हा खेळ इंटरनेटवर आणला आणि तो जगभर लोकप्रिय झाला. मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ मध्ये न्यायालयाने पटावरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण ‘स्क्रॅबल’शी साधर्म्य असलेलं नाव वापरायला मनाई केली.

म्हणून ‘व्यापार’चा देशी डबा घेणं म्हणजे बनावट माल घेणं नव्हे. तो वेगळ्या नावाचा वेगळा माल आहे. ‘मोनोपॉली’ हे नाव मात्र हॅस्ब्रो कंपनीचं आहे. त्या नावाचा डबा संशयास्पद स्वस्त असेल, छपाई पुसट असेल, उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नसेल, तर तो घेऊ नका.

जीएसटी कमी झाला, मग किंमत किती कमी व्हायला हवी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून पत्ते, बुद्धिबळाचा पट, कॅरम आणि लुडोसारख्या पटावरच्या खेळांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. व्हिडिओ गेमची यंत्रं या सवलतीत नाहीत.

साधा हिशेब असा. कर सोडून खेळाची किंमत १,००० रुपये धरली, तर आधी १,१२० रुपये द्यावे लागत होते. आता १,०५० रुपये. म्हणजे ७० रुपयांचा फरक.

डब्यावर जुनी तारीख आणि जुनी एमआरपी दिसली, तर बिलात कराचा दर किती लावला आहे ते बघा. दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल मागा. ऑनलाइन खरेदीत ऑर्डरच्या पानावरून बिल डाउनलोड करता येतं. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. त्यामुळे ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

आयएसआय खूण आहे का?

खेळण्यांबाबतचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण असणं त्यामुळे बंधनकारक आहे. रंगातली घातक द्रव्यं, धारदार कडा, घशात अडकू शकणारे छोटे भाग अशा बाबी त्यासाठी तपासल्या जातात.

खूण खरी आहे का, हे मोबाइलवर तपासता येतं.

1. डब्यावर आयएसआय खुणेजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा.
2. ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ हे ॲप उघडा.
3. परवाना तपासण्याच्या पर्यायात तो क्रमांक टाका.
4. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे डब्यावरच्या माहितीशी जुळवून बघा.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर वेगळी काळजी घ्या. या खेळांतली छोटी घरं, फासे आणि सोंगट्या तोंडात जाऊ शकतात. बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्यांवर चालणारं मशीन असेल तर जास्तच सांभाळा. ती बॅटरी गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं. तशी शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा.

ऑनलाइन मागवताना : सात प्रश्न

गावात डबा उघडून बघायची सोय नसते. म्हणून ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी ही यादी डोळ्यांखालून घाला.

1. नोटा आहेत की मशीन? ‘डब्यात काय आहे’ ही यादी वाचा. फोटोवर जाऊ नका.
2. बॅटरी किंवा ॲप लागतं का? ॲप लागत असेल तर ते तुमच्या फोनवर चालतं का, हे आधी बघा. कंपनीने उद्या ॲप बंद केलं, तर त्यावर चालणारी बँकही बंद पडते. कागदी नोटांना ही भीती नाही.
3. फासे किती? एक असेल तर तो लहान मुलांचा खेळ आहे.
4. भाषा कोणती? पत्त्यांवर भरपूर मजकूर असेल आणि तो फक्त इंग्रजीत असेल, तर घरातले किती जण स्वतः वाचून खेळू शकतील?
5. किती जणांचा खेळ? काही नव्या आवृत्त्या चारच जणांसाठी असतात. सुट्टीत घरी सात-आठ जण जमत असतील तर हे आधी बघा.
6. विक्रेता कोण? वेबसाइट आणि विक्रेता वेगळे असू शकतात. विक्रेत्याचं नाव, पत्ता, माल कोणत्या देशात बनला ही माहिती आणि परताव्याच्या अटी पानावर असायला हव्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तशी तरतूद आहे.
7. परत घेतात की फक्त बदलून देतात? ‘आवडला नाही’ म्हणून परत करता येईल, असं गृहीत धरू नका.

डबा आल्यावर तो उघडतानाचा व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल, सील आणि आतल्या वस्तू एकाच सलग व्हिडिओत दिसू द्या. पत्ते, नोटा, सोंगट्या लगेच मोजा. दोन आठवड्यांनी कमी पत्त्याची तक्रार केली तर ती सिद्ध करणं अवघड जातं.

तक्रार कुठे करायची?

आधी विक्रेत्याकडे किंवा वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. हजार रुपयांच्या खेळासाठी कोण एवढं करतं, असं वाटेल. पण बहुतेक वेळा हेल्पलाइनपर्यंतच काम होतं.

मग घ्यावा की नाही?

घरात खेळणारे कोण आहेत, यावर उत्तर अवलंबून आहे.

- मुलं सात-आठ वर्षांची आहेत आणि बेरीज-वजाबाकी शिकतायत: नोटांचीच आवृत्ती घ्या. १,३५० रुपयांचं भाडं दोन हजारांतून चुकवताना जो हिशेब होतो, तो मशीन करू देत नाही.
- सगळे मोठे आहेत, वेळ कमी आहे आणि हिशेबाचा कंटाळा येतो: कार्ड-मशीनची आवृत्ती चालेल. मात्र एक जादा बॅटरीसंच आणून ठेवा.
- पाच-सहा वर्षांची मुलं: ‘ज्युनियर’ घ्या, पण ती दोन-तीन वर्षांत लहान पडेल हे धरूनच.
- आजी-आजोबा खेळणार आहेत: अक्षराचा आकार आणि भाषा आधी बघा. मराठी किंवा हिंदी मजकुराचा साधा देशी पट बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतो आणि खिशालाही परवडतो.
- जुना पट घरात आहे, फक्त फाटलाय: आधी डागडुजी करा. पट मागून कापडाने किंवा रुंद चिकटपट्टीने जोडता येतो. नोटा झेरॉक्सच्या दुकानात रंगीत कागदावर काढून मिळतात. सोंगट्यांना बटणं आहेतच.

आमच्या घरी काय झालं? बॅटऱ्या आणून भाच्यांनी दोन दिवस मशीन वाजवलं, त्यांना मजा आली. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. मशीनला विजेची गरज नव्हती, पण टीव्ही बंद पडल्यामुळे घरातले सगळेच पटाभोवती जमले. मशीन चार जणांचं, आम्ही सात. मग कपाटावरचा जुना डबा खाली आला. पट नवाच ठेवला, त्यावर सोंगट्या, शर्टाचं बटण आणि नोटा जुन्या. मशीनच्या पटावरचे आकडे आमच्या नोटांशी जुळेनात, तेव्हा भाचीने प्रत्येक जागेचं भाडं वहीत नव्याने लिहून काढलं. तिची गणिताची तेवढी उजळणी झाली.

आई नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसली. नोटांच्या चळती लावल्या आणि पहिल्याच फेरीत मला दोनशे रुपये कमी दिल्याबद्दल पकडलं.